पाठ चौथा : झाला

३ जुलै १९९०, मंगळवार

काय बला मागे लागली! सिस्टर अ‍ॅग्नेसनी मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. वाटलं, सहावीच्या हजेरीपटात चुकले की काय. तर हातात एक पुस्तिका ठेवली. मुलींसाठी आरोग्य आणि नातेसंबंध. सहा पाठ. दर शुक्रवारी शेवटचा तास — मुलं मैदानावर, मुली वर्गात. आणि शिकवायचं मी! का, तर सिस्टर केरळच्या, त्यांचं मराठी तोकडं. ‘आणि तुम्ही आई आहात, टीचर.’

नाही कसं म्हणणार? धुळ्याच्या या मिशनच्या शाळेत अकरा वर्षं झाली, सिस्टरांना कधी नाही म्हटलेलं नाही. घरी येताना पुस्तिकेला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. तरी अक्कांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, विचारलंच, काय गं ते? म्हटलं, भूगोल!

४ जुलै

चौथा पाठ वाचला. मासिक पाळी. मुलीच्या पोटाच्या आतलं चित्रही आहे. पुस्तक मिटून डब्यांच्या मागे ठेवलं.

६ जुलै, शुक्रवार

पाठ पहिला. नखं. मजेत झाला. चौघींची नखं मीच कापली.

१३ जुलै, शुक्रवार

पाठ दुसरा आणि तिसरा एकाच तासात उरकले. केस, उवा, मग मैत्री, मोठ्यांशी वागणं. पुस्तिकेत एक वाक्य आहे — ‘मनात भीती असेल तर आईला किंवा बाईंना सांगा.’ ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलींनी माना डोलावल्या.

२० जुलै, शुक्रवार

आज चौथा. आणि आजच मी बाहेरची! घरात ताट वेगळं, निजायला गोणपाट, माठाला हात लावायचा नाही. शाळेत कोणाला कळत नाही, म्हणून निभतं. त्या अवस्थेत वर्गात उभी राहिले, फळ्यावर ‘पाठ चौथा’ लिहिलं, वळले — आणि तोंडातून काय निघावं? पाणी नेहमी उकळून प्यावं! पाऊण तास पाणीच उकळत बसले मी. मुलींनी इमानेइतबारे लिहून घेतलं.

मग टाचणवही उघडली. काय शिकवलं ते आम्ही रोज त्यात लिहितो, शनिवारी सिस्टर बघतात. लिहिलं — ‘पाठ चौथा : झाला.’ खाली सही ठोकली. 

२७ जुलै, शुक्रवार

लिहू की नको. लिहितेच.

कोकिळा उभी राहिली. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली पोर, सिस्टरांच्या वसतिगृहात राहते. बारा सरलेली. गणितात मुलांना घाम फोडते. एवढ्या उकाड्यात कमरेला मागून स्वेटर बांधलेला. म्हणाली, ‘बाई, पाप केलं तर अंगातून रक्त येतं का?’

मुली खुसखुसल्या. मला कळलं! स्वेटर पाहिला, तिचं उतरलेलं तोंड पाहिलं, बाईमाणसाला नाही कळणार तर कोणाला? आणि मी म्हणाले — ‘असलं घाणेरडं वर्गात बोलतात का? बस खाली.’

घाणेरडं म्हणाले मी. ती लगेच बसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग बसली. घंटा झाल्यावर तिला थांबवावं असं मनात आलं होतं. पिशवी उचलली आणि बाजारात गेले. अर्धा किलो गिलकी घेतली.

२८ जुलै

कोकिळा दोन दिवस जेवली नाही म्हणे. सिस्टरनी विचारलं, वर्गात काही झालं का? म्हटलं, नाही हो! सोमवारी बोलेन तिच्याशी. नक्की.

२९ जुलै, रविवार

कानबाईचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर देवीच्या नैवेद्याचे रोट. संध्याकाळी शाळेची शिपाईबाई भिकुबाई धापा टाकत दारात. ‘बाई, कोकिळा सकाळपासून सापडत नही! बठ्ठी शाळा धुंडी काढी.’

माझ्या हातातला रोट हातातच राहिला. अक्का म्हणाल्या, कोण गं कोकिळा? म्हटलं, माझ्या वर्गातली. दुसरं काही सांगायचं धाडस झालं नाही.

३० जुलै, सोमवार

सापडली. सोनगीरच्या स्टँडवर. आग्रा रोडनं पायी गेली, ट्रकांच्या कडेकडेनं! चहा विकणाऱ्या एका बाईनं रात्री आपल्या घरी निजवलं, पोळी खाऊ घातली आणि सकाळी शाळेत फोन केला. देव तिचं भलं करो.

सिस्टरांपाशी पोरीनं सगळं सांगितलं. मागच्या रविवारी चर्चमध्ये ती ख्रिस्ती मुलींच्या मागे ओळीत उभी राहिली. फादरांनी जिभेवर प्रसादाची पातळ पांढरी भाकर ठेवली, हिनं खाल्ली. कशी लागते बघावं म्हणून, बस! मग एका मुलीनं भीती घातली — ते येशूचं शरीर असतं, तू ख्रिस्ती नाहीस, तुला शिक्षा होणार. आणि गुरुवारी हिला रक्त आलं. तिला वाटलं, हीच ती शिक्षा. आपण मरणार. मरायचं तर आईजवळ मरावं, म्हणून घरी निघाली होती.

शुक्रवारी तिनं मला विचारलं होतं. मला!

३१ जुलै

तिचे वडील झुलालभाऊ आले. टोपी हातात. सिस्टर शाळेची बाजू मांडायला लागल्या, माझी टाचणवहीच काढली कपाटातून. ‘पाहा, वीस तारखेला सगळ्या मुलींना हे शिकवलं आहे. टीचरची सही आहे.’ झुलालभाऊंना वाचता येत नाही. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग पोरीकडे. ‘सांगेल व्हतं का बाईनी?’

मी तिथेच होते. खुर्चीच्या मागे. आत्ता बोल, आत्ता बोल, असं स्वतःला म्हणत होते.

कोकिळानं मान वर केली. माझ्याकडे एकदा पाहिलं. ‘सांगेल व्हतं, आबा. मनंच ध्यान नव्हतं.’

आणि मी गप्प! जीभ झडली होती का माझी?

झुलालभाऊ म्हणाले, ‘शहाणी व्हई गयी पोर. त्यात एक रात भाईर ऱ्हायनी. लोकं काय म्हनतीन? आते शिकीसन काय करानं, बाई?’ दाखला मागितला. मुलीच्या कपड्यांची वळकटी खांद्यावर टाकली आणि गेले. फाटकापाशी कोकिळानं मला नमस्कार केला.

२ ऑगस्ट

बारा वर्षांच्या पोरीनं माझी अब्रू झाकली. ताट तसंच बाजूला सारलं. हे विचारतात, तब्येत बरी नाही का? काय सांगू? शरम वाटते, एवढंच.

६ ऑगस्ट, सोमवार

सांगून टाकलं. वही सिस्टरांपुढे ठेवली आणि म्हणाले, ही सही खोटी आहे. मी शिकवलंच नाही. कोकिळा माझ्यासाठी खोटं बोलली. तिच्या पायावर मी धोंडा पाडला. नोकरीवरून काढा मला.

सिस्टरनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, ‘मराठी येत नाही म्हणून नाही दिलं तुम्हाला, टीचर. मला पण लाज. मल्याळममध्ये पण मी बोलली नसती.’ दोघी रडलो. रडून काय होणार म्हणा! त्या म्हणाल्या, जा, तिला परत आणा.

१९ ऑगस्ट

दुसऱ्यांदा एस.टी. स्टँडवरून परत आले. शिंदखेड्याची गाडी समोर लागलेली होती. पाय उचलला नाही. भित्री कुठली!

२६ ऑगस्ट, रविवार

गेले एकदाची. घराच्या पडवीत कोपऱ्यात गोणपाटावर कोकिळा बसलेली. दुसरी खेप. पाण्याचा तांब्या वेगळा, थाळी वेगळी. मी चपला काढल्या आणि सरळ तिच्या गोणपाटावर जाऊन बसले. तिची आई वच्छलाबाई ओरडल्या, ‘बाई, शिवू नका! तिले कावळा शिवेल शे!’ म्हटलं, मलाही शिवतो दर महिन्याला.

मग चौथा पाठ घेतला. सगळा. आवाज फाटत होता, पण चित्रसुद्धा काढलं, अंगणातल्या मातीत, काडीनं. हे पाप नाही, शिक्षा नाही, आजार नाही. शेजारच्या दोन बाया दाराआड येऊन उभ्या. वच्छलाबाई सूप हातात धरून तशाच थांबल्या.

कोकिळानं सगळं ऐकलं. मग हळूच, ‘मग बाई, त्या दिवशी का नाही सांगितलं?’

‘लाज वाटली गं.’

‘माझी?’

‘नाही, नाही! माझीच मला.’ तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

झुलालभाऊ शेतातून आले. हात जोडले, म्हटलं, चूक माझी आहे, वहीत मी खोटं लिहिलं, पोरीला शाळेत धाडा. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘रात भाईर ऱ्हायनी म्हनीसन तीन घरे नही म्हनेत. चौथं हा म्हनी गयं. दिवाळीनंतर लगीन शे.’ म्हटलं, बारा वर्षांची आहे हो, कायद्यानं— ‘कायदा धुळ्याले ऱ्हास, बाई. आम्ही आठे ऱ्हातस.’

चहा पाजला मला. मी तो प्याले.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

वर्गात चौथा पाठ घेतला. घाम फुटला, पण घेतला. तिचा बाक रिकामा. वहीत ‘झाला’ लिहिलं आणि कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.

१० सप्टेंबर, सोमवार

वच्छलाबाई आल्या. नवऱ्याला न सांगता, पहिल्या एस.टी.नं. बोटाला धरून धाकटी, नऊ वर्षांची. वर्गाच्या दारातच थांबल्या. मला वाटलं, शिव्या द्यायला आल्या, आणि मी त्या खायला पुढे झाले. त्यांनी पोरीचा हात माझ्या हातात दिला. ‘इले तुमनी शाळामा घाला, बाई. कोकिळानी सांगं, इले त्याच बाईकडे धाड. आन् इले पहिलेच सांगी द्या.’