पोस्टकार्डावरचा मामा

खापा, ता. सावनेर
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. ऋषिकेश यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. माझा गुडघा तसाच आहे. शामलाने साखर तपासून घेतली का? तिला म्हणावं, दसरा झाला, आता गोड पुरे. अंकितची परीक्षा कधी आहे ते कळव. इकडे पावसाने यंदा फार रेंगाळून पाठ सोडली, अंगणातल्या भिंतीला अजून शेवाळ आहे.

तुझे सात फोन येऊन गेले. मीच उचलले नाहीत. हल्ली तुझ्याशी फोनवर बोलायची मला भीती वाटते, आणि का ते तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

तुझा निरोप वाचला. जयवंताबाईचा व्हिडिओ चौदा लाख लोकांनी पाहिला. तुझ्या 'नवलाची पेटी' चॅनेलवर इतका कुठलाच चालला नाही. आता दुसरा भाग करायचा, रविवारी कॅमेरेवाल्याला घेऊन मनीषनगरहून निघायचं, बाईंना शाल-श्रीफळ द्यायचं, आणि त्यांनी एकदा शर्ट-पँट घालून दाखवावं. निरोपाच्या खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं. 'ताई, आपण तर तिचं कौतुकच केलं ना!'

येऊ नकोस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला आशा राहायला नको.

तू ती गोष्ट नव्वद सेकंदांत सांगितलीस. नव्वद सेकंदांत बरंच बसत नाही. म्हणून मी जरा सावकाश सांगते.

जयवंताचा नवरा गेला तेव्हा तिचा पिंटू चार वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तिच्या भावाला, रुपरावला, खापरखेड्याला कोळशाच्या साइडिंगवर एका ठेकेदाराकडे काम लागलं. तीन दिवस कामावर गेला आणि काविळीने पडला. ही सेवेला गेली. आठव्या दिवशी तो तिच्या मांडीवर गेला. खोलीचे मालक चंपतराव, त्यांनीच क्रियाकर्म उरकलं. वॅगन रिकाम्या करायला ठेकेदार बायांना घेत नव्हता. रुपरावचा पास होता, त्यावरचा फोटो कुणाचाही वाटावा असा. हिने केस कापले, भावाचे कपडे चढवले, डोक्याला दुपट्टा बांधला आणि कामावर गेली. नऊ वर्षं. मी तिला एकदा विचारलं होतं, कुणालाच कसं कळलं नाही? ती म्हणाली, "कोळसा तोंडाले लागला का सारे सारखेच दिसतेत, बाई."

इथपर्यंत तू सांगितलंस. काजळाच्या मिशीचंही सांगितलंस. ती मिशी खोटी आहे, ऋषी. तिने मिशी कधी रंगवली नव्हती. ती गोष्टीत मी घातली.

पिंटू इकडे आजीजवळ राहायचा. त्याला सांगितलेलं, माय नागपुरात कुणाच्या घरी स्वयंपाक करते आणि मामा खापरखेड्याला मोठ्या कामावर आहे. माय पंधरा दिवसांनी यायची. मामा कधीच नाही. मामाचं आजीशी वाजलं आहे, तो या घराचा उंबरा चढत नाही, असं ठरवलेलं. मामाची पोस्टकार्डं मात्र यायची. पोरगं ती घेऊन गल्लीभर फिरायचं.

व्हिडिओत तुझ्या आवाजाखाली संगीत वाजतं आणि तू म्हणतोस, 'ही पत्रं ती कुणाकडून तरी लिहून घ्यायची.'

कुणाकडून तरी.

ती मी लिहायची. जयवंता माझ्या शाळेच्या मागच्या दाराने यायची, अंगठेबहाद्दर बाई, काय लिहायचं ते सांगायची आणि मी वळण बदलून लिहायची. 'चि. पिंटूस मामाचा आशीर्वाद.' एकूण तेवीस कार्डं. ती खापरखेड्याला नेऊन टाकायची, म्हणजे शिक्का तिथला. दुसऱ्या दिवशी तोच पिंटू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मला कार्ड दाखवायचा, "बाई, मायाऽ मामा!" आणि मी ते पहिल्यांदाच पाहते आहे असं वाचायची.

तो आठ वर्षांचा असताना हट्टाला पेटला, मामा पाहायचाच. मीच त्याला एसटीने घेऊन गेले. रुळांच्या अलीकडून दाखवला. पलीकडे वॅगनवर एक काळा माणूस उभा होता. त्याने हात वर केला. पिंटूने दोन्ही हात हलवले. परत येताना एसटीत मला म्हणाला, "मामा मायपेक्षा उंच आहे." लोकांना तुझ्या व्हिडिओत सगळ्यात आवडलं ते हेच. खाली शेकडो जणांनी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली आहेत. मी सगळी वाचली. खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं.

पुढे तिची कंबर धरली, काम सुटलं, म्हणून मामाला मारावं लागलं. शेवटचं कार्ड चंपतरावांच्या नावाने, तेही माझ्याच हातचं. चौदा वर्षांच्या पिंटूने मामासाठी मुंडण केलं. तेव्हापासून दर वर्षी पितृपक्षात तो मामाचं पान मांडतो आणि वडे जयवंता तळते. मी तिला किती वेळा म्हटलं, आता त्याला सांगून टाक. ती म्हणायची, "सांगतो, बाई. शब्द जुळवून राहिली."

जुळवू दिले नाहीत आपण.

पिंटू सावनेरला मोटारसायकलच्या वर्कशॉपमध्ये आहे. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधल्या आठवड्यात, जोडीदाराने जेवणाच्या सुट्टीत मोबाइल समोर धरला, "अबे, हे तुया गावची हाये ना?" तू नाव घेतलंस, गाव घेतलंस, तिचा बाजारातला फोटोही लावलास. त्याने उभ्या-उभ्या पूर्ण पाहिला. चार जण सोबत पाहत होते. संध्याकाळी घरी येऊन त्याने मायला एवढंच विचारलं, "मग मी मुंडण कोनाचं केलं?"

ती म्हणाली, "तुया मामाचंच. तो खराच मेला होता, बापू. मुंडणाच्या नऊ वर्सं आधी."

दुसऱ्या दिवशी बायको आणि लहानग्या खुशीला घेऊन त्याने सावनेरला खोली केली. यंदा पान मांडलं गेलं नाही.

जयवंताच्या दारात मात्र गर्दी. नागपूरहून, कुठून कुठून येतात. "आजी, एक फोटो." "आजी, मर्दाच्या आवाजात बोला ना." एकाने पँट आणली होती. ती मंगळवारच्या बाजाराला जायची थांबली, मी भाजी नेऊन देते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "बाई, तुमी मले एक डाव इचारलं असतं, तर त्याच दिवशी मी पिंट्याले सांगतलं असतं. कसंही सांगतलं असतं. पन मायाऽ तोंडानं."

मी बाहेरून म्हटलं, "जयवंता, माझ्या भावाने न विचारता रेकॉर्ड केलं."

ऋषी, हे मी तिला सांगितलं. बंद दाराला सांगितलं.

तू फोनवर विचारलं होतंस. 'ताई, रेकॉर्ड करू का?' मी म्हटलं, 'कर.' गेली तीन वर्षं मी तुला माझ्या वह्यांतलं नवल पुरवते. जुन्या भिंतींच्या चुन्यात गूळ का घालायचे, आपल्या कोष्ट्यांचे माग जमिनीच्या खड्ड्यात का असायचे. तू सांगायचास, 'ताई, लोक विचारतात ही माहिती देणारी कोण.' निवृत्त झाल्यावर मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी तू म्हणालास, हे चुना-गूळ नको, माणसाचं काहीतरी दे. मी दिलं. एकदा सांगून झाल्यावर तू म्हणालास, आवाज चिरकला, पुन्हा सांग. दुसऱ्यांदा मी जास्त चांगलं सांगितलं. मिशी तेव्हाच आली. आणि 'कुणाकडून तरी' हेही तेव्हाच. पहिल्यांदा सांगताना मी 'माझ्याकडून' म्हणाले होते. तुझ्याकडे ते असेल अजून. तू काही बोलला नाहीस आणि मीही नाही.

गेल्या रविवारी सकाळी पिंटू माझ्याकडे आला. पाणी घेतलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्डं काढून टेबलावर ठेवली.

"बाई, एक ओळ लिहून द्या."

"काय लिहू?"

"चिरंजीव पिंटूस मामाचा आशीर्वाद. उन्हात खेळू नको."

मी लिहिलं. वळण बदलता आलं असतं. नाही बदललं. खरं तर कार्डं लिहितानाही 'श'ची शेपटी मला कधी लपवता आली नव्हती. त्याने कागद कार्डाशेजारी ठेवला, बराच वेळ पाहिला. चाळीस वर्षांचा माणूस, कानशिलावर केस पांढरे झालेले.

"माय तं अंगठा लावते. मंग लिवलं कोनी, हेच डोक्यात फिरून राहिलं होतं." मग म्हणाला, "अन् मी मामाले उत्तरं लिवत होतो. थे कोन वाचे?"

मी टेबलावरची कार्डं सरळ करत राहिले.

"तुमी वाचून दाखवत होत्या तिले?"

"हो."

"सारे?"

"सगळी."

तुला हे कळणार नाही, म्हणून लिहिते. पोरगं मामाला मायच्या तक्रारी करायचं. माय येते तेव्हा हाताला घाण वास येतो. माय मारते. एका कार्डात होतं, 'मामा, मले माय नाही पाहिजे. तुमीच घेऊन जा.' मी ते जयवंताला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिने उत्तर सांगितलं, मी लिहिलं: 'मायचं ऐकत जा. ती चांगली आहे.' तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो, ऋषी. तरुण होतो.

पिंटू खुर्चीवरून उठला. मी म्हटलं, तुझी उत्तरं तिच्या पेटीत आहेत, एकही फेकलेलं नाही. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. कार्डं तिथेच टाकून गेला. दारातून म्हणाला, "ठेवा. तुमचीच हायेत."

आईकडे गेला नाही. सरळ बसस्टँडवर गेला.

मी जयवंताच्या दारात जाऊन खरं सांगितलं. रेकॉर्डिंगला मीच हो म्हणाले, हेही. भाजी ओट्यावर ठेवून आले. काल पाहिलं तर तिथेच होती, सुकलेली.

व्हिडिओ काढून टाक. दहा जणांनी उचलून आपल्या नावाने टाकलाय म्हणतोस, असेल. तरी तू तुझा काढ. आणि दुसरा भाग हवाच असेल तर तो माझा कर: गावातल्या शिक्षिकेने एका पोराला नऊ वर्षं खोटं लिहिलं आणि मग त्याच्या आईचं खरं चौदा लाखांना वाटलं. मी नाव-गावासह लिहून देते. चालणार नाही तो, मला माहीत आहे. त्यात कौतुक करण्यासारखं कुणी नाही.

तुझ्यावर सगळं ढकलावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. जमलं नाही. पण तुझा वाटा तुझ्याकडे राहू दे, तो मी घेणार नाही.

दिवाळी जवळ आली. यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. आपल्या दोघांत वैर नाही. पण त्या दिवशी मी जयवंताच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे. दार उघडो न उघडो. तिला भाऊ नाही, आणि आता पोरगंही नाही. तू आलास तर माझ्या दाराला कुलूप दिसेल.

शामलाला आणि अंकितला आशीर्वाद. तुलाही. तो मला रोखून धरता येत नाही.

शोभा