बुधवारची खिडकी

ता. २० नोव्हेंबर १९३३, सोमवार
सर्दी. धातूंची रूपे शिकवताना सात शिंका. पोरांनी रूपे सोडून शिंका मोजल्या.
मधल्या सुट्टीत कळले, पाळकीणबाई पहाटे गेल्या. चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, आणि त्या आवारातले वाचनालय चालवणारी. सत्तरीच्या बऱ्याच पुढे होत्या. नक्की वय त्यांनाच ठाऊक नव्हते.
शाळा सुटल्यावर गेलो. म्हणजे आवारासमोरच्या लिंबाखाली उभा राहिलो, टांग्याची वाट पाहतोय असे दाखवत. खरोखरच एक टांगा थांबला. "कुटं जायचं, मास्तर?" कुठं नाही म्हटले. शेजारी विणकर आळीतल्या तेलुगू बायका उभ्या होत्या. बाई त्यांच्या आळीत जाऊन त्यांची पत्रे वाचून दाखवत. शवपेटी बाहेर आली तशा त्या रस्ता ओलांडून तिच्यामागे गेल्या. मी छत्री उघडली. ऊन नव्हते.

ता. २१, मंगळवार
सौ.ने जेवताना विचारले, "जाऊन आलात?"
"रस्त्यापर्यंत."
"तुम्ही तिथवरच जाता." आणि ताक वाढले.
तिला बोलायचा अधिकार आहे. बुधवारी दुपारी बाई फक्त बायकांसाठी वाचनालय उघडत. शुक्रवार पेठेतल्या दहा-बारा जणी जात, त्यांत ही. घरी येऊन हसत हसत सांगायची, बाईंनी कपाटाच्या कप्प्यांवर विषय लिहिलेले नाहीत, चिठ्ठ्या लावल्या आहेत: 'रडू येणारी', 'झोप आणणारी', 'पुन्हा पुन्हा मागतात ती'. मलाही हसू आले. शास्त्रात न बसणारी, पण बिनचूक वर्गवारी.
तेवढ्यावर थांबायला हवे होते. त्या आठवड्यात पुण्याच्या साप्ताहिकाला धाडायला बातमी नव्हती. 'आमचा सोलापूरचा बातमीदार' या नावाखाली तीन कप्पे रंगवले, आणि मजकूर लंगडा वाटला म्हणून चौथा पदरचा घातला: 'नवऱ्याला दाखवू नयेत अशी'.
पुणे हसले. पेठ हसली नाही. पुढल्या बुधवारी एकही बाई गेली नाही. आमच्या तीर्थरूपांनी सौ.ला अर्धे वाचलेले पुस्तक परत करायला लावले, आणि ते परत नेऊन देणारा मी. त्याला बारा वर्षे झाली.

ता. २३, गुरुवार
पाळकसाहेब शाळेत आले. ऐंशीचे असतील. व्हरांड्यात बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर. म्हणाले, "पंडितजी, तिच्यावर चार ओळी लिहा. तुमच्या हातात लेखणी आहे आणि पुण्यात तुमची ओळख आहे."
मग स्वतःच सांगत राहिले. बाई मोडनिंबाकडच्या. दुष्काळात बापाने खांद्यावर बसवून सोलापुरात आणले आणि मिशनच्या दाराशी सोडले. त्याने पुन्हा येतो म्हटले होते. ती मोठी होईपर्यंत दर बाजारच्या दिवशी फाटकाशी बसायची. अक्षरे तिथेच शिकली. लग्न. तीन मुले झाली, एक राहिले, तेही आता आफ्रिकेत. प्लेगात सगळे गाव माळावर झोपड्यांत होते, तेव्हा पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन झोपडी-झोपडी फिरत. लोक म्हणत औषध आणा, बाई म्हणत, ते न्हाय, हे हाय. वाचनालय त्या पेटीतून निघाले.
मी "अस्सं, अस्सं" म्हणत होतो. यातले मला काही ठाऊक नव्हते. त्यांच्याकडची पुस्तके मात्र मी किती वाचली!
जाताना म्हणाले, "नाताळानंतर मिशन वाचनालयाच्या खोलीला कुलूप घालणार. बायका येत नाहीत, मग कशाला, म्हणतात. तुमच्या लेखाने चारजणी आल्या तर मला त्यांच्याशी भांडता येईल." आणि बाईंची नोंदवही देऊन गेले, लेखाला उपयोगी पडेल म्हणून.

ता. २४, शुक्रवार
वही वाचली. वाचायला नको होती.
चौथ्या कप्प्यापूर्वीचे बुधवार: बाया ९. बाया ११. बाया १२, एक लेकरू, लेकरानं पान फाडलं.
त्यानंतर: बाया ०. खिडकी १.
पुढला बुधवार: बाया ०. खिडकी १.
बारा वर्षे तसेच. उन्हाळ्यात, पावसात, गड्ड्याच्या जत्रेत सगळे गाव तिकडे लोटलेले असताना. एकही बुधवार गाळलेला नाही. पानेच्या पाने शून्ये, मोत्यासारखी.
खिडकी म्हणजे मी. मिशनच्या आवारात शिरताना शाळेच्या चालकांनी पाहू नये म्हणून मागच्या गल्लीतल्या खिडकीतून पुस्तके घेत असे. वहीत माझे नाव लिहू नका, असे मीच सांगितले होते. बुधवार का? तर बुधवारी तिथे कोणी नसे.
कोणी का नसे, हा प्रश्न एका व्युत्पन्न माणसाला बारा वर्षांत पडू नये.

ता. २६, रविवार
लेखाला बसलो. पहिली ओळ चांगली जमली म्हणून खोडली.
सारखे एक आठवते. वैशाख होता, खिडकीचे गज तापलेले. बाईंनी विचारले, "पाणी देऊ का, पंडितजी?" म्हटले, तहान नाही. सोलापूरचा वैशाख, आणि तहान नाही म्हणणारा मी. त्या हसल्या. मग पुस्तक गजांतून देताना म्हणाल्या, "तुमी लिवता ते मी वाचते की. लई हसू येतं. एक कप्पा तेवढा माझा न्हवता."
मी काय म्हणालो? म्हणालो, याचा दुसरा भाग आहे का?
त्या म्हणाल्या, "हाय. बुधवारी या."
पुढल्या बुधवारी दुसरा भाग काढून ठेवला होता. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी तर नाहीच.

ता. २८, मंगळवार
लेख टपालात टाकला. सगळे लिहिले. चौथा कप्पा माझा, बाईंचा नव्हे. बुधवार माझ्यामुळे ओस पडले. वाचनालय अजून उघडे आहे, बायकांनी जावे. खाली संपूर्ण नाव.
टाकण्यापूर्वी सौ.ला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "चांगला आहे. जरा उशिरा आहे."
शाळेतून काढले तर? तिने सूप झटकले. "काढले तर घरी बसून वाचाल."

ता. ४ डिसेंबर, सोमवार
अंक आला. नाव आहे. प्लेग आहे. बापाची वाट पाहणे आहे. कबुलीचा परिच्छेद नाही. त्या जागी संपादकांची चौकट: याच वाचनालयाच्या चार कप्प्यांवरचे आमच्या बातमीदाराचे खुसखुशीत टिपण वाचकांना आठवत असेलच. आणि ते टिपण, चौथ्या कप्प्यासकट, पुन्हा छापले आहे.
सोबत कार्ड: 'जागेअभावी थोडी काटछाट केली. टिपण आजही ताजे वाटते.'
शिक्षक-खोलीत दोघांनी पाठ थोपटली.

ता. ६, बुधवार
पुण्याला खरमरीत पत्र लिहिले. ते छापणार नाहीत. म्हणून वही घेतली आणि पाळकसाहेबांकडे गेलो. पुढच्या फाटकातून. कोणी पाहिले असेल तर पाहिले.
ते ओट्यावर होते, मांडीवर तोच अंक. उभ्यानेच सांगितले: ते टिपण माझे, चौथा कप्पा मी रचला, आणि खिडकीही मीच.
पाळकसाहेबांनी मांडीवरचा अंक उचलला. मग अंकाची घडी घालत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तिला दर वर्षी म्हणायचो, बुधवारचं बंद कर, येतं कोण. ती म्हणायची, एक माणूस येतो. त्याला काहीतरी सांगायचंय. तो सांगायला येईल त्या दिवशी दार बंद नको."
मला वाटत होते, बाई बायकांची वाट पाहत बसतात.
म्हटले, "मी सांगायला हवं होतं."
"हो," ते म्हणाले, "तिला."
वही घेतली आणि आत गेले. पाणी विचारले नाही. विचारले असते तर घोटभर काय, तांब्याभर प्यालो असतो.

ता. ७, गुरुवार
सौ.ला सगळे सांगितले. ऐकून घेतले. ताक वाढले नाही. हे वाईट लक्षण.

ता. १३, बुधवार
दुपारी बघतो तर सौ. जरीकाठी नेसून तयार. शेजारच्या दोघींना विचारले होते. एकीला सर्दी, दुसरीला सासू. "मी एकटी जाते. तुम्ही सोबत या, तुमच्या नेहमीच्या जागेपर्यंत."
लिंबाखाली उभा राहिलो. ती फाटकातून सरळ आत गेली, मागे न बघता. तासभर. दोन टांगे येऊन गेले.
बाहेर आली तेव्हा हातात पुस्तक. मी नाव वाचायला वाकलो तर तिने ते पदराखाली घेतले. "नवऱ्याला दाखवू नये असं आहे." हसली नाही.
पेठेच्या कोपऱ्याशी आलो. मग म्हणाली, "पाळकसाहेबांनी वहीत लिहिलं. बाया एक. मग लेखणी थांबवून विचारलं, खिडकीचं काय लिहू?"
"तू काय सांगितलंस?"
"म्हटलं, ते रस्त्यापर्यंत आलेत."
"मग त्यांनी काय लिहिलं?"
"काही नाही. जागा कोरी ठेवली."