पुलाची साक्ष

ती. भावोजींना मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? ताईचा रक्तदाब आणि माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून लिहायला बसलो आहे. इकडे सगळे खुशाल. (सगळ्यांत बायकोला धरावं की नाही, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.)

दुपारी चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नसतं, हे तुम्ही जाणताच. अशाच एका दुपारी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात रशियातल्या एका चिमुकल्या गावावरचा लेख माझ्या नजरेला पडला. गाव आहे, नदीकाठी आहे, थंडी असते. संपला लेख! अहो, रशियात थंडी असते हे सांगायला ज्ञानकोश कशाला हवा? मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण अर्धवट लेख मला बघवत नाही. हा ज्ञानकोश कुणालाही सुधारता येतो म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. रशियन अक्षरं तर घरच्या घरी शिकलो. (म्हणजे दुकानातच. नंबर तपासायच्या तक्त्यावर ती लिहून ठेवली होती. दोन गिऱ्हाइकं ती बघून घाबरली आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळाली.)

हळूहळू लेखात शाळा आली, लाकडी घरं आली, लोण्याचा कारखाना आला. उत्तम लेखाला तिथे तारा देतात. तो मलाच मिळणार, असं मी सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलो आणि घोडं अडलं ते नदीवरच्या पुलाशी. उपग्रहाच्या चित्रात मला पूल स्वच्छ दिसत होता, भिंग लावून पाहिला होता. पण 'उत्तरध्रुव' असं नाव घेतलेले कुणी गृहस्थ तो रोज खोडायचे. त्यांच्या चित्रात नदी कोरी! मी पूल बांधायचा, त्यांनी पाडायचा. बायको म्हणाली, "अहो, त्या गावाला तरी विचारा, पूल हवाय का म्हणून!" (याच धांदलीत शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या चष्म्याची डावी काच मी उजवीकडे बसवली. बाई जाताना आमच्या कपाटाचा निरोप घेऊन गेल्या.)

शेवटी त्या गावच्या ग्रंथपालबाईंना मेल लिहिला. उत्तर आलं की पूल तरंगता आहे. नदी गोठायच्या आत तो ओढून काठावर ठेवतात, बर्फ वितळला की पुन्हा पाण्यात. हिवाळ्यात माणसं नदीवरूनच चालत जातात. म्हणजे माझं चित्र उन्हाळ्यातलं, त्यांचं हिवाळ्यातलं. दोघंही बरोबर! अर्थात मी थोडा जास्त, कारण मला असलेलं दिसलं आणि त्यांना नसलेलं. ताऱ्याचा निकाल आता रविवारी आहे. ताईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुमचा,
चष्मेवाला मेहुणा

ता. क. पूल डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे का, असं मध्यंतरी उत्तरध्रुवांनी खवचटपणे विचारलं होतं. ग्रंथपालबाईंचं उत्तर तोवर आलं नव्हतं, म्हणून मी तुमच्या नावानं खातं उघडलं. तरुणपणी आपण त्या गावात राहत होतो आणि त्या पुलावरून सायकलनं कामाला जायचो, असं तुम्ही तिथे लिहिलं आहे. चांगलं लिहिलं आहे. आता परीक्षक तुम्हाला चार प्रश्न विचारणार आहेत. साक्ष खोटी निघाली तर तारा गेला आणि दूधवाल्याला तोंड दाखवायची सोय गेली. तेवढं सांभाळून घ्या. सायकल निळी होती, विसरू नका. आणि हे पत्र ताईच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच ग्रंथपालबाईंचा मेल आला. त्यांनी तुमची साक्ष वाचली. तुम्ही त्यांना चांगलेच आठवता म्हणे. न सांगता निघून गेलात, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. सायकल मात्र हिरवी होती, असं त्या म्हणतात. भावोजी, मी काहीएक विचारत नाही. फक्त रंग आणि साल तेवढं नक्की कळवा. लेखात चूक राहिलेली मला खपायची नाही.