नव्या चष्म्याची सवय

९ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाचीची परीक्षा संपली का? दुकान बरं चाललंय. नव्या फ्रेमा आल्यात, त्यातली एक तुला शोभेल. पण तू म्हणशील, आधी कामाचं बोल.

तर कामाचं. काल सहा महिने पूर्ण झाले, एक थेंबही नाही. "दारू सोडवणाऱ्या एखाद्या गटात जा, सहा महिने न पिता काढून दाखव, मगच अप्पांना भेटायला ये," असं तू दारातच सुनावलं होतंस. दाखवलं काढून! छाती थोडी फुगली आहे, खोटं कशाला बोलू.

पण योग्य गट सापडेपर्यंत कुठे कुठे धडपडलो ते आधी ऐक.

पहिला गट एका दवाखान्याच्या तळघरात. डॉक्टर पडद्यावर यकृताची चित्रं दाखवायचे आणि आम्ही वीस जण ओळीत बसून माना डोलवायचो. दोनदा मला झोप लागली, तिसऱ्यांदा घोरलो, चौथ्यांदा गेलोच नाही.

दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मुद्दाम लांबचा निवडला, ओळखीचं कुणी नको म्हणून. तिथे मात्र मी चमकलो. जिन्यातला गेलेला बल्ब, म्हाताऱ्या वडिलांचं, आपल्या अप्पांचं, पडणं, खुब्याचं मोडलेलं हाड, माझी तगमग, सगळं असं रंगवून सांगायचो की लोक डोळे पुसायचे. नवे लोक आले की मलाच बोलायला उभं करायचे. मी बोलायचो, आणि परतताना कोपऱ्यावरून बाटली घ्यायचो. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, दुसरं काय!

तिसरा गट माझ्या दुकानामागच्याच गल्लीत, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. तो आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. एकदा दारातून डोकावलोही होतो, तर आतल्या सात जणांपैकी चौघांच्या नाकावर मी बनवलेले चष्मे! आल्या पावली परतलो. मग एके दिवशी बस बंद होत्या. घरी बसलो असतो तर प्यायलोच असतो, म्हणून नाइलाजाने तो जिना चढलो.

लॉन्ड्रीवाले काका तो गट चालवतात. नियम एकच: गेल्या खेपेला सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. माझी रंगतदार कहाणी पहिल्याच आठवड्यात संपली. दुसऱ्या आठवड्यात धंद्यातल्या गमतीजमती सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्या आठवड्यात पोतडी रिकामी. तेव्हा समोर बसलेल्या, आमच्या भागात टपाल वाटणाऱ्या बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, पण हे तुला लिहायला त्यांनी स्वतः परवानगी दिली आहे.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या चष्म्याच्या काचा तुम्ही उलट बसवल्या होत्यात," त्या म्हणाल्या. "डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. मला गरगरतंय म्हटलं, तर म्हणालात, नवा चष्मा आहे, दोन दिवस सवय होऊ द्या."

कुणी रागावलं नाही. काकांनी फक्त विचारलं, "आणखी कुणाचा?"

ताई, आणखी अप्पांचा.

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा नंबर तसाच मोठा. अशा माणसाच्या काचा उलट बसल्या तर पायरी कुठे संपते तेच त्याला कळत नाही. त्यांचा चष्मा बनवला त्या दिवशी मी सकाळपासून प्यायलेलो होतो. अप्पा म्हणाले, "अरे, जमीन वरखाली होतेय." आमच्या धंद्यात तोंडात बसलेलं ते एक वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिन्यात पडले. बल्ब गेलेला होता हे खरं, पण भरदुपारी त्या जिन्यात पेपर वाचता येतो. तू दवाखान्यात चष्मा शोधत होतीस, तेव्हा तो माझ्या खिशात होता.

हे मी त्या खोलीत बोललो. त्या दिवसापासूनचे हे सहा महिने.

अट पूर्ण झाली, आता मी साळसूदासारखा येऊन अप्पांच्या पाया पडू शकलो असतो. पण भाची सांगत होती, हाड केव्हाच जुळलंय तरी अप्पा खुर्ची सोडत नाहीत. "माझे डोळे गेले, माझा तोल गेला," म्हणत बसतात. माझं पाप ते दोन वर्षं स्वतःच्या माथी घेऊन बसलेत, ताई. मला त्याची फार लाज वाटते.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी तुझ्या दारात असेन. त्याआधी हे पत्र अप्पांना मोठ्याने वाचून दाखव, एक ओळही न गाळता. मग दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. नाही उघडलंत तरी मी पिणार नाही. तेवढी खात्री मला आहे, तूही बाळग.

आणि वाचून झालं की त्यांना हाताला धरून उभं कर. त्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांची नजरही.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याने तो चष्मा बनवला