संकासुरावर उचललेला हात

२ मार्च

अजून बॅगसुद्धा उघडली नव्हती आणि पहिला फटका बसला. मला नाही — समर्थला.

ताईने ताटं घेतली होती. समर्थने डाळीत बोट बुडवून फरशीवर गोल काढला. चांगला गोल होता! भावोजीने जेवता जेवता डाव्या हाताने कानाखाली दिली. चार वर्षांचं पोर, भिंतीला जाऊन टेकलं. रडलं नाही. तेच मला कसंतरी वाटलं. ताई बांगडा उलटत होती, तिने तो उलटला. धाकटी मनस्वी दीड वर्षाची, तिने फटका बसायच्या आधीच डोळे मिटले.

"शिस्त लागते विठू," भावोजी मला म्हणाला. "तुला कोणी लावली नाय, म्हणून तू असा हिंडतोस."

हिंडतो ते खरं. अकरावी अर्धी सोडली, मग गोकर्ण, मग मालप्याला मासेमारीचा ट्रॉलर, मग सावंतवाडीला फर्निचरचं पॉलिश. आता वेळणेश्वरला एकाचं होम-स्टे आहे, तो ठेवून घेतो म्हणालाय. ताईकडे दोन दिवस राहायचं आणि सुटायचं.

बांगडा मात्र झकास होता.

४ मार्च

भावोजी टेम्पोत आंब्याच्या पेट्या भरून वाशीला गेला. खोल्या दोनच, पण घर एकदम मोठं झालं!

६ मार्च

ताई काजूच्या दुकानात गल्ल्यावर बसते. दिवसभर पोरं माझ्याकडे. शिकलो ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

वाटी घेऊन पोराच्या मागे पळायचं नाही. ताट ठेवायचं, आपण जेवायला बसायचं आणि त्याच्याकडे बघायचंच नाही. येतो आपोआप. रडायला लागला तर "का रडतोस" विचारायचं नाही, त्याला तरी कुठे माहीत असतं! हातात काहीतरी द्यायचं. लसूण सोलायला दिली तर समर्थ अर्धा तास गप्प. धाकटीला चमचा आणि पातेलं. डोकं उठतं पण ती खूश.

समोरच्या विमलाकाकी म्हणाल्या, "अरे, कोंबडीला पण कोण दिवसभर झाकून ठेवत नाय. बाहेर ने त्यांना!" बरोबर आहे. गावाला पोर अंगणात सोडलं की जेवायलाच परत येतं. इथे शहरात साळवी स्टॉपला दुसरा मजला, लोखंडी जाळीचं दार, खाली पार्किंग. पोराने धावायचं कुठे? सोफ्यावर. मग मार. म्हणून आता रोज दुपारी रिक्षाने भाट्याच्या समुद्रावर न्यायचं, वाळूत दमवायचं, मग अंघोळ, दूधभात, झोप. पोरं वाईट नसतात. दमलेली नसतात, एवढंच.

आज किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढत होते. मी पण दोराला हात लावला. मागे बघतो तर मनस्वी वाळू खातेय! मूठभर गेली असेल. ताईला सांगितलं नाही.

घरी येताना खाली कुठलातरी टेम्पो वाजला. समर्थने जागच्या जागी चड्डीत केली. आपला टेम्पो नव्हता.

८ मार्च

भावोजी सकाळी आला. डोळे लाल, झोप नाही. समर्थची गादी ओली होती.

पेट्या आवळायची प्लास्टिकची पट्टी असते, ती काढली. पोटऱ्यांवर मारत होता. समर्थ उभा. ताई दारात — "अहो पुरे… अहो, ऐकतात लोक…" ऐकतात लोक! पोराला लागतं हे नाही!

मी भावोजीचं मनगट धरलं.

"सोड. पोर तुझं हाय काय रे? तुला स्वतःला घर ना दार, आणि माझ्या घरात पंच होतंस?"

मग मी मारला. नाकावर. फ्रिजवर जाऊन आपटला, वरचा पिठाचा डबा पडला, सगळं पांढरं. परत मारला. खाली बसला तरी मारला. पिठात रक्त पडलं की त्याची गोळी होते, हे आज बघितलं. खोटं कशाला लिहू — मजा आली! मूठ अजून मिटत नाही, म्हणून अक्षर असं.

समर्थ मोरीजवळून बघत होता. मी त्याला डोळा मारला. घाबरू नको, मामा आहे ना!

ताई पीठ गोळा करता करता एवढंच म्हणाली, "तू जा वेळणेश्वरला."

आता कसा जाऊ?

११ मार्च

भावोजी माझ्यासमोर हात उचलत नाही. आणि समर्थ केवढा शहाणा झालाय! मी नुसता उठून उभा राहिलो की ताट साफ. चपला सरळ लावतो. मी आत शिरलो की टीव्ही आपणहून बंद. एक फटका न देता!

भावोजीला म्हटलं, बघा, प्रेमाने होतं सगळं. तो नाकाला चिकटपट्टी लावून बसलेला, तरी हसला. एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

ताईच्या दंडावर निळं दिसतंय. "कपाट लागलं" म्हणे. कपाटाला बोटं असतात काय!

१३ मार्च

होळी. पोरांना खांद्यावर घेऊन बघायला जाणार होतो. समर्थ म्हणाला, "मी चालतो मामा, मी चालतो." स्वावलंबी होतोय.

१५ मार्च

डॉक्टरकडून आत्ताच आलो. समर्थच्या हनुवटीला टाके. माझा शर्ट रक्ताचा, त्यात महिपतचं किती आणि पोराचं किती, कळत नाही.

झालं असं. भावोजीच्या गावचे शिमग्याचे खेळे, सोंगं नाचवणारे, ढोलकी घेऊन शहरात फिरत होते. गावची बिऱ्हाडं आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत म्हणून वर आले. सोबत संकासुर. काळा झगा, टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू, हातात दोराचा कोरडा. तो पोरांच्या मागे धावतो, मोठ्यांच्या पाठीतही ओढतो. मोठे ते हात जोडून घेतात. उलटा हात कोणी टाकत नाही, शिमग्यात तो देवाचा माणूस.

मी दूध आणायला खाली. भावोजीने दारातच समर्थला उचलून संकासुराच्या हातात दिलं — "गादीत मुततो. घेऊन जा ह्याला. परत आणू नको." लोक हसले. असं करतातच आमच्याकडे, मलाही लहानपणी दिलं होतं. संकासुर गुरगुरला, पोराला काखेत मारलं आणि जिना उतरायला लागला. तो खालच्या वळणावरून परत आणणार होता. सगळ्यांना माहीत होतं. समर्थला नव्हतं.

वळणावर मी भेटलो. समर्थचे डोळे बघितले. पाय ताठ, लाकडासारखे.

दुधाची पिशवी टाकली. पोराला ओढलं आणि मारायला सुरुवात केली. दाढी फाटून हातात आली. खाली महिपत! भावोजीचा चुलतभाऊ, मुंबईला वॉचमन, शिमग्याची रजा काढून आलेला. "विठू, मी रे! मी महिपत!" ओळखलं मी. थांबलो नाही. त्याचाच कोरडा काढून घेतला आणि त्याच्यावर चालवला. ओठ फुटला, एक दात पायरीवर पडला. वर ढोलकी वाजतच होती, त्यांना वाटलं सोंग चाललंय.

मध्येच कधीतरी पोर पडलं. महिपतच्याच हातून सुटलं असणार.

१६ मार्च

ताईने डॉक्टरला सांगितलं, "जिन्यावरून पडला." आधीच्या वेळी पण हेच सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरने नुसतं बघितलं.

समर्थ बोलत नाही. पाणी पाहिजे तर ग्लासाकडे बोट.

१८ मार्च

भावोजीच्या गावातले चौघे आले. महिपतची तक्रार नाही. पण त्यांचं म्हणणं, संकासुरावर हात टाकलास, पालखीपुढे नारळ ठेव आणि माफी माग. भावोजी त्यांच्या पाया पडत होता. एवढा थरथरताना त्याला पहिल्यांदाच बघितलं! पोराच्या टाक्यांचं कोणी विचारलं नाही. देवाचं माणूस दुखलं, ते मोठं.

मी म्हटलं, नारळ ठेवणार नाही, परत आलात तर परत मारीन. ते निघून गेले.

जाळीपलीकडून विमलाकाकी म्हणाल्या, "विठू, एक सांगते. मी वरून बघत होते. पोराला तू ओढलंस त्याच्या काखेतून. मग मारायला हात मोकळा पाहिजे म्हणून तूच टाकलंस."

काकींनी चष्मा घातला नव्हता.

२१ मार्च

काय दिवस! ताईने भावोजीला काढला!

तो वाशीहून आला तर दारात आंब्याच्या रिकाम्या पेट्या, त्यांत त्याचे कपडे. जाळीचं दार आतून बंद. लाथा घालायला लागला. बिजागरी हलली, मनस्वी किंचाळतेय, सगळी बिल्डिंग जिन्यात. ताईने नारळ सोलायचा कोयता घेतला आणि दार स्वतःच उघडलं.

"या आत. एक पाय टाका, तो इथंच राहील."

"दीपाली, डोकं फिरलंय तुझं."

"फिरलंय. या."

त्याने हात पुढे केला. तिने कोयता चालवला, खरंच चालवला! चौकटीत घुसला, त्याच्या बोटांपासून इतकाच लांब. मी मागे मूठ आवळून तयार. लागलीच नाही. "खोलीचं भाडं मी भरते. पोरं मी सांभाळते. तुम्ही गावाला जावा," ती म्हणाली. आवाज चढला नाही की काही नाही. पेट्या उचलून तो उतरला. टेम्पो चालू झाला, गेला.

वेळणेश्वर गेलं उडत. मी इथेच राहणार. कधी कुठे राहावंसं वाटलं नव्हतं, इथे वाटतंय. दाराच्या चौकटीला झोका बांधतो. समर्थला बालवाडीत मी सोडेन, मी आणेन. मुलांना घरात एक माणूस लागतो, ज्याची भीती नसते.

२२ मार्च

एस. टी. स्टँडवर बसून लिहितोय.

सकाळी दूध घेऊन आलो तर दारात माझी बॅग. जाळी आतून बंद. ताई पलीकडे उभी, कोयता नव्हता, नुसती उभी. म्हणाली, "रात्री समर्थ बोलला रे."

मी म्हटलं, काय बोलला?

"बाबा गेले ना, म्हणाला. मग मामा कधी जाणार?"