शेवटचा बारचा डबा

२८ एप्रिल, सोमवार
झालं! शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीचा बारचा डबा शेवटचा धावणार. बारवाल्या डेलरॉयनेच सांगितलं, ग्लास पुसत — "लोकांना बसायला जागा हवी, बाई. दारू काय, घरीही मिळते." त्या जागी नुसत्या आसनांचा डबा लागणार.
घरी काय मिळतं रे बाबा मला? रिकामं घर!

२९ एप्रिल
कॅझ नेहमीच्या खिडकीपाशी, माझ्या जिनचा ग्लास हातात धरून उभा. चार वर्षं हेच. ह्या डब्याचा रिवाजच असा — आडनाव विचारायचं नाही, फोन नंबर मागायचा नाही, घरचं रडगाणं तर मुळीच नाही. न्यूयॉर्क सुटलं की गप्पा, आपलं स्टेशन आलं की "उद्या भेटू". मी वेस्टपोर्टला उतरते, तो पुढे जातो. एवढंच माहीत.
नवरा, वॉरन, गेल्यावर मी हसायचीच विसरले होते. ह्या माणसाने हसवलं. आणि मला त्याचं आडनाव ठाऊक नाही! सोमवारपासून एवढ्या लांबलचक गाडीत त्याला शोधू कुठे?

३० एप्रिल
शेजारच्या डब्यातून एक पोरगी आली. सातवा महिना असेल, पाय सुजलेले. "इथे तरी बसायला मिळेल का?" कुठून मिळणार! आमचा डबा उभ्यांचा. डेलरॉयने बर्फाची पेटी पालथी घालून तिला बसवलं. आम्ही सगळे ग्लास धरून खाली बघत राहिलो.
आसनं हवीतच. पटतं मला. तरी घरी येऊन रडले.

१ मे
आजही त्याचं आडनाव विचारलं नाही. जीभच रेटेना — ह्या वयात!

२ मे, शुक्रवार
डेलरॉयने सगळ्यांना फुकट पाजली. वेस्टपोर्ट आलं, दार उघडलं. मी हललेच नाही.
"अहो, तुमचं स्टेशन!" कॅझ ओरडला.
"जाऊ दे. आज तुमच्या स्टेशनापर्यंत येते."
त्याचा चेहरा पांढराफटक. मेले, म्हटलं — बायको असणार ह्याला!
पुढच्या स्टेशनावर तो उतरला, मी मागोमाग. बाहेर पडायचं सोडून हा पूल चढून समोरच्या फलाटावर! न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाडीच्या.
"अहो, इकडे कुठे?"
"घरी," टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला. "मी स्टॅमफर्डचा."
स्टॅमफर्ड तर केव्हाच मागे गेलं होतं! माझ्या स्टेशनाच्या कितीतरी आधी येतं ते.
"म्हणजे रोज पुढे येऊन, मग उलटे...?"
"बायको गेल्यापासून घाई नसते हो. आणि तुमची गोष्ट नेमकी स्टॅमफर्डलाच रंगात यायची."
डेलरॉयला सगळं ठाऊक होतं म्हणे. मेला, एका शब्दाने बोलला नाही!

५ मे, सोमवार
नवा डबा. शेजारीशेजारी बसायला मिळालं. स्टॅमफर्डला दोघंही उतरलो.