ऑथेंटिकेटर काढल्यानंतरची माझी व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, पदवीधर, विधवा, व्यवसाय कपड्यांचे नमुने आखणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. होता तो गेल्या महिन्यात काढून टाकला. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान. मुलीला हिस्सा नको असेल तर तसे तिने स्वतः सांगावे. भावाने तिच्या वतीने सांगू नये. त्याला ती सवय आहे.

२. शिलाई मशीन, मोठे टेबल आणि कात्र्या नणंदेला. माझा नवरा गेल्यावर सगळे मला दुकान बंद करायला सांगत होते, तेव्हा ही एकटी म्हणाली, "वहिनी, तुम्ही कापा, काजं मी करते." मोठ्या कात्रीने कापडाशिवाय काही कापू नये. मुलाने एकदा पुठ्ठा कापला होता. ती धार परत आली नाही.

३. आता ऑनलाइन खाते. बाळाच्या अंगड्यापासून कोटापर्यंत माझे सगळे नमुने त्यात आहेत. "आई, हल्ली चोऱ्या फार," म्हणत मुलाने त्यावर ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावले, आणि लावले ते स्वतःच्या फोनवर. पासवर्ड माझा, पण पुढचा सहा आकडी कोड त्याच्याकडे. माझ्याच खात्यात शिरायला मी त्याला फोन करायची. "मीटिंगमध्ये आहे गं." पोटचा पोरगा म्हणून चालवून घेतले.

मग त्याला रेडीमेड कपड्यांची एक कंपनी भेटली. माझे नाव वगळून नमुने तिला विकायचे त्याने ठरवले. मी नकार दिला आणि कोड येणे थांबले.

"आधी कागदावर सही कर, मग देतो."

"अरे, आई आहे मी तुझी."

"म्हणून तर समजावतोय."

४. या मुलाने मला कधी नवी वस्तू दिली नाही. त्याचा जुना पंखा, सुनेची जुनी पर्स. "आईला काय, चालतं." त्याच रिवाजाने नवा फोन घेताच तडा गेलेला जुना मला दिला, आणि तो पुसायचेही कष्ट घेतले नाहीत. मी त्याला हात लावला नाही. नणंदेने बातम्या बघायला उघडला आणि ओरडली, "वहिनी, इथे तुमच्या खात्याचं नाव आहे! आणि खाली आकडे बदलतायत बघा!"

अ‍ॅप नव्या फोनवर नेताना त्याने जुन्यावरचे तसेच राहू दिले होते. तो कोड घालून मी आत गेले. ऑथेंटिकेटर काढायचा का, असे खात्याने विचारले. हो म्हटले. नक्की का, असे पुन्हा विचारले. माझी इच्छा दोनदा विचारणारे या घरात दुसरे कोणी झाले नाही. काढला, पासवर्ड बदलला, आणि नवा ऑथेंटिकेटर माझ्या व नणंदेच्या फोनवर लावला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, माझा कोड का घेत नाहीये?"

"माझ्या खात्यात तुझं काय काम होतं?"

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून बोलणे नाही. कोड मागायचा नसला की त्याला फोन करायला मला दुसरे निमित्त नव्हते, हे तेव्हा कळले.

५. खाते नणंदेकडे जाईल. तिने सगळे नमुने माझ्या नावासकट सर्वांना विनामूल्य खुले करावेत. कंपनीला एकही देऊ नये.

६. मी गेल्याचे मुलाला नणंदेने कळवावे. तो आला तर आधी जेवू घालावे. कंपनीचा विषय काढलाच, तर हात धुऊन होईपर्यंत ऐकून घ्यावे आणि मग नाही म्हणावे.

वरील मजकूर मी वाचला आहे आणि तो माझाच आहे.

सही : (मुलाची आई)

साक्षीदार :
१. माझ्या डॉक्टरीणबाई. मी शुद्धीत असल्याची खात्री यांनी केली. रक्तदाब वाढल्याचेही सांगितले.
२. शेजारचे घड्याळजी. मजकूर न वाचता सही केली, मीच तसे सांगितले होते.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च